दहा राग आणि एक तबकडी

दिवाळीची झाडलोट निघाली की माळ्यावरचे पुष्कळ जिन्नस खाली येतात आणि त्यांतले एखादे पुन्हा दिवाणखान्यात मानाने जाऊन बसते. कलाकृतींच्या नशिबी असा योग क्वचितच असतो. चरणजीत सिंग यांच्या एका तबकडीला तो लाभला.

चरणजीत सिंग (१९४०–२०१५) हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादक. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांकडे त्यांनी वाजविले. पण पडद्यावर नाव झळकते ते संगीतकाराचे. वाद्यवृंदात बसलेल्याची चौकशी कोण करतो?

१९८२ साली चित्रपटांत डिस्कोची लाट होती. सिंगांच्या मनात आले, तबला बाजूला ठेवून याच ठेक्यावर राग का वाजवू नयेत? रोलँड या जपानी कंपनीची तीन विद्युत्‌वाद्ये त्यांनी हाताशी घेतली : सुरावटीसाठी ‘ज्युपिटर-८’, ठेक्यासाठी ‘टीआर-८०८’ आणि खर्जासाठी ‘टीबी-३०३’.

काम मोठे अवघड. राग म्हणजे स्वरांची नुसती यादी नव्हे. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड हा त्याचा प्राण. पट्टीच्या वाद्यावर ती उमटत नाही, म्हणून तर आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दाराबाहेर ठेवले होते! ‘टीबी-३०३’ हे यंत्र तर त्याहून हट्टी. त्यात स्वर एकेक करून बटणांनी भरायचे आणि त्यांचा काळ निराळा भरायचा. मात्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय त्यात होती. सिंगांच्या तबकडीत खालून वेटोळे घेत जाणारा जो खर्ज ऐकू येतो, तो या यंत्राचा.

ललत, यमन, मालकंस असे दहा राग एच. एम. व्ही.च्या तबकडीवर उमटले. पण गिऱ्हाईक मिळाले नाही. रागदारीच्या बैठकीला ती परकी, आणि नाचणाऱ्या तरुणांना तिच्यात ओळखीचे गाणे सापडेना.

इकडे त्या यंत्राचीही तीच गत. गिटारवादकाला साथ म्हणून काढलेले ‘टीबी-३०३’ खपेना. १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागले तेव्हा शिकागोच्या तरुणांनी ते उचलले. १९८७ साली ‘फ्यूचर’ या मंडळीची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी निघाली आणि ‘ॲसिड हाउस’ हे नृत्यसंगीत जगभर पसरले.

२००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला सिंगांची तबकडी दिल्लीत सापडली. सुई टेकताच ते चकित झाले : शिकागोचा तो नाद येथे पाच वर्षे आधीच घुमत होता! त्यांनी मुंबईत सिंगांना गाठले आणि २०१० साली ती तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली. सत्तरी ओलांडलेले सिंग मग युरोपातील तरुणांपुढे आपले राग वाजवू लागले.

सिंगच त्या संगीताचे जनक, असेही काही उत्साही लोक म्हणाले. पण शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही. यंत्र एकच, म्हणून नादही जुळला. सिंगांचे श्रेय त्याने उणावत नाही. कोणाची शर्यत जिंकण्यासाठी त्यांनी ते वाजविलेच नव्हते. गुणाला उशिरा का होईना दाद मिळते, असे आपण सहज म्हणतो. येथे मात्र ती ऐकायला वादक हयात होता, हे भाग्य थोर.