पोथीचे रूप आणि सावकारीचे वास्तव : मुकुंदराव पाटील यांचे उपहासात्मक लेखन

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील ग्रामजीवनावर सावकार, कुलकर्णी व पुरोहित यांचे वर्चस्व होते. गावातील या प्रतिष्ठित वर्गाचा उपहास करणारे लेखन याच जिल्ह्यातील नेवासे तालुक्यातील तरवडीच्या मुकुंदराव पाटील (१८८५–१९६७) यांनी केले. सत्यशोधक विचारांचे 'दीनमित्र' हे पत्र त्यांनी १९१० पासून अखेरपर्यंत चालविले.

विवेचन :
मुकुंदरावांच्या 'कुलकर्णी लीलामृत' (१९१३) व 'शेटजी प्रताप' या ग्रंथांची नावे लक्षणीय आहेत. शेजारच्या राहुरी तालुक्यातील ताहराबादच्या महिपतींचे 'भक्तलीलामृत' आणि श्रीधरांचे 'पांडवप्रताप' ही नावे श्रोत्यांच्या कानावरची होती. महिपती स्वतः कुलकर्णी घराण्यातील होते, हाही एक योगायोगच. ज्या पोथीपुढे शेतकरी हात जोडत असे, तिच्याच थाटात दप्तरातील लबाडी व व्याजाचा हिशोब मांडल्याने उपहास अधिक धारदार झाला. 'ढढ्ढाशास्त्री परान्ने' या कादंबरीत त्यांनी पुरोहिती दांभिकतेला लक्ष्य केले.

या तिन्ही सत्ता एकत्र येत त्या लग्नघरी. कर्ज सावकाराचे, दक्षिणा भटजींची आणि गहाण पडे ती जमीन. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये ही साखळी उघड केली होती. त्यापूर्वी, १८७३ मध्ये, सत्यशोधक समाजाने भटजीविना विवाहाची पद्धत सुरू केली. तथापि, पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील १८७५ च्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने लग्नखर्चाला कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले जाते, असे मत नोंदविले. म्हणजे दोष केवळ रयतेच्या हौसेचा नव्हता. व्याज, खते व न्यायालये यांची व्यवस्थाही तितकीच कारणीभूत होती. म्हणूनच मुकुंदरावांच्या उपहासाचा रोख कर्ज काढणाऱ्यापेक्षा वही लिहिणाऱ्याकडे आहे, ही बाब महत्त्वाची ठरते.

समारोप :
१८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने सावकारीला काहीसा आळा बसला, तर मुंबई राज्यात कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली. उपहासाने वतने गेली नाहीत, हे मान्य करावे लागते. परंतु दप्तर व पोथी यांचा धाक कमी झाल्याशिवाय कायद्याचा लाभ घेण्याचे धैर्य रयतेत येत नाही. ते धैर्य जागविण्याचा प्रयत्न एका खेड्यातील पत्रकाराने केला, यातच या लेखनाचे ऐतिहासिक मोल आहे.