कोंडवाडा ते टोइंग : चूक पावतीची, भुर्दंड मालकाला

पोस्ट जरा लांब आहे, सवडीनं वाचा.

कोंडवाडा म्हणजे काय, हे फुलसावंगीत कुणाला समजावून सांगायची गरज नाही. दुसऱ्याच्या वावरात शिरलेलं ढोर धरायचं, कोंडवाड्यात नेऊन टाकायचं, मालकानं दंड भरला की सोडून द्यायचं. आज नागपूर-पुण्यात नो पार्किंगमधली गाडी उचलून नेतात, ते याहून वेगळं काय आहे? ढोराच्या जागी कार आली आणि दाव्याच्या जागी क्रेन. खरा फरक आहे तो पुढं. धरणाऱ्याची चूक असेल तर मालकानं काय करायचं?

कोंडवाड्याचा कायदा १८७१ चा, म्हणजे दीडशे वर्षांहून जुना. इंग्रज सरकार काही आपलं मायबाप नव्हतं, तरी त्या कायद्याचा मूळ मजकूर वाचून मी चाट पडलो. पीक खाणारं जनावर शेतकऱ्यानं धरलं तर ते २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचं. रस्त्याची नासधूस करणारी किंवा रस्त्यावर मोकाट फिरणारी जनावरं पोलिसांनाही धरता यायची, म्हणजे रस्त्याचा प्रश्न तेव्हाही होताच. जनावर कसं आहे, कोणत्या दिवशी, किती वाजता आलं, कुणी आणलं, हे सगळं कोंडवाड्याच्या रखवालदारानं वहीत लिहायचं. हत्तीपासून शेळीपर्यंत दंडाचे दर ठरलेले. ते दर आणि चाऱ्यापाण्याचा खर्च कोंडवाड्याजवळ सगळ्यांना दिसेल असा लावायचा. ७ दिवसांत मालक आला नाही तर पोलिसांना कळवायचं, गावात आणि जवळच्या बाजारात दवंडी द्यायची, आणखी ७ दिवस थांबायचं आणि मगच हर्रास. त्या हर्रासात पोलिसाला किंवा रखवालदाराला ते जनावर विकत घ्यायला बंदी! धरणाऱ्याचाच त्यात फायदा असला तर तो कशालाही धरील, एवढं त्या कायदा लिहिणाऱ्याला कळत होतं.

सगळ्यात महत्त्वाचं कलम १५. "माझं जनावर चुकीचं धरलं, मी तक्रार करणार आहे," असं मालक म्हणाला तर दंड आणि खर्चाची रक्कम अनामत ठेवून घ्यायची आणि जनावर त्याच्या ताब्यात द्यायचं. धरल्यापासून १० दिवसांत मॅजिस्ट्रेटकडं तक्रार करता यायची. धरणं बेकायदा ठरलं तर भरलेला दंड परत, झालेला खर्च परत आणि वर १०० रुपयांपर्यंत भरपाई. ही भरपाई द्यायची कुणी? ज्यानं जनावर धरलं त्यानं. १८७१ मधले १०० रुपये, विचार करा भाऊ.

आता गाडीकडं येऊ. गाडीला नंबर लावायची पद्धत पॅरिसात १८९३ ला सुरू झाली. गाडी ओढणारी गाडी अमेरिकेत १९१६ ला बनली. पार्किंगचं पहिलं मीटर १९३५ च्या जुलैत ओक्लाहोमा सिटीत बसलं. गंमत म्हणजे पावती आली तशी तिच्यावरची भांडणंही लगेच आली. ओक्लाहोमात पहिल्यांदा पकडलेल्यांत एक पाद्री होता असं सांगतात. मीटरसाठी सुट्टे पैसे आणायला दुकानात गेलो होतो, असं त्यानं कोर्टात सांगितलं आणि सुटला. लंडनमध्ये १९६० च्या सप्टेंबरात ट्रॅफिक वॉर्डननं फाडलेली पहिलीच पावती एका डॉक्टरच्या गाडीवर लागली. तो हृदयविकाराचा झटका आलेल्या पेशंटला बघायला गेला होता. लोकांनी ओरड केली, दंड माफ झाला.

आपल्याकडं मोटारीचे कायदे झाले १९१४, १९३९ आणि १९८८ चे. आजचं टोइंग उभं आहे १९८८ च्या कायद्यातल्या कलम १२७ वर. मनाई असलेल्या जागी उभी केलेली किंवा १० तासांहून जास्त बेवारस पडलेली गाडी उचलायचा हुकूम त्या हद्दीतला, वर्दीतला पोलिसच देऊ शकतो. क्रेनवरच्या पोरांना तो अधिकार नाही. आणि ओढून नेण्याचा खर्च मालकाच्या माथी. गाडी चुकीनं उचलली तर काय, यावर त्या कलमात अवाक्षर नाही. ना अनामत, ना १० दिवस, ना भरपाई. त्यातून मोठ्या शहरांत कंत्राटदाराला उचललेल्या गाडीमागं पैसे मिळतात. हर्रासातली ती जुनी बंदी इथं आठवते का?

याचे परिणाम आपण पाहिलेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाडला एक बाई गाडीत बाळाला पाजत बसलेली असताना गाडी ओढली, व्हिडिओ देशभर फिरला, पोलिस निलंबित झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्यात नाना पेठेत तर माणूस बसलेला असताना दुचाकी उचलली. मार्च २०२२ मध्ये मुंबईचे तेव्हाचे पोलिस आयुक्त संजय पांडे यांनी प्रयोग म्हणून टोइंगच बंद केलं. ते निवृत्त झाले आणि क्रेन परत आल्या.

ई-चालान आल्यावर चुकीला नवा रस्ता मिळाला. मोकाट ढोर कुणाचं, हे गावातलं शेंबडं पोरही ओळखायचं, कॅमेरा फक्त नंबर ओळखतो. जानेवारी २०२१ मध्ये उघड झालेलं प्रकरण आठवा. रतन टाटांच्या गाडीचा नंबर दुसऱ्याच एका गाडीवर लावलेला होता. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे अंकशास्त्राच्या नादापायी. चालानं मात्र टाटांकडं! त्यांच्या ऑफिसनं कळवलं, आमची गाडी तिथं नव्हतीच. मग सीसीटीव्ही तपासले, खरी गाडी सापडली, गुन्हा दाखल झाला. जानेवारी २०२५ मध्ये ताज हॉटेलजवळ एकाच नंबरच्या दोन गाड्या सापडल्या. त्यातला खरा मालक गाडी चालवून पोट भरणारा माणूस. न केलेल्या गुन्ह्यांची चालानं त्याच्या नावावर येत होती आणि दुसरी गाडी शेवटी त्यालाच रस्त्यात दिसली. टाटांकडं पत्र लिहायला ऑफिस होतं. याला स्वतःचे डोळे वापरावे लागले.

आपली गाडी एमएच २९, नांदेडची २६, अमरावतीची २७, वाशिमची ३७. एक आकडा इकडचा तिकडं व्हायला किती वेळ लागतो? दवाखान्यासाठी आपण नांदेड-नागपूरला जातो. पेशंट आत आणि गाडी गायब असली तर माणूस वाद घालत नाही, पैसे भरून मोकळा होतो. खरी मेख इथंच आहे. तडजोडीचा दंड भरला की कलम २०० प्रमाणं प्रकरण तिथंच मिटतं, मग दाद मागायला फारसं काही उरत नाही.

म्हणून चालान आलं की आधी त्यावरचा फोटो बघा. गाडीचा रंग, मॉडेल, ठिकाण, वेळ जुळते का? २०२१ पासूनच्या केंद्राच्या नियमाप्रमाणं कॅमेऱ्यानं पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायची असते, ती तारीख तपासा. जुळत नसेल तर पैसे भरायच्या आधी महाट्रॅफिकवर तक्रार टाका आणि त्या वेळी गाडी दुसरीकडं होती याचा पुरावा जोडा. टोलची पावती, पेट्रोलचं बिल, काहीही चालेल. गाडी उचललीच असेल तर हुकूम कोणत्या पोलिसानं दिला ते नाव विचारा, आणि पैसे भरावेच लागले तर "हरकत राखून भरले" असं लिहून त्याची पोच मागा. देतीलच असं नाही, पण मागितल्याचा कागद तरी हातात राहतो.

आमदार-खासदारांकडं माझी मागणी एवढीच, की १८७१ चं ते कलम १५ उचलून कलम १२७ च्या खाली चिकटवा. अनामत घ्या, गाडी सोडा, चूक निघाली तर उचलणाऱ्याकडून भरून द्या.

आणि कुणाच्या घरी जुनी कोंडवाड्याची पावती जपून ठेवलेली असेल तर खाली फोटो टाका. दर काय होते ते बघू.