टूसॉन : कोरड्या हवेवर वाढलेले शहर

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्याच्या दक्षिण भागात, मेक्सिकोच्या सीमेपासून सुमारे १०० किलोमीटरवर, सोनोरन वाळवंटात टूसॉन वसले आहे. वर्षाकाठी पाऊस जेमतेम ३०० मिलिमीटर. उन्हाळ्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो. नोव्हेंबर ते मार्च या काळात मात्र हवा इतकी सुखाची असते, की बर्फाळ उत्तरेतून आणि कॅनडातून असंख्य निवृत्त जोडपी मोटरहोम घेऊन येतात आणि महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतात. जुने चर्च, निवडुंगांचे रान, निवृत्त विमानांचा तळ अशी इथली प्रेक्षणीय स्थळे एकमेकांशी संबंध नसल्यासारखी वाटतात. पण यातल्या बहुतेकांचे मूळ एकच आहे, ते म्हणजे इथली कोरडी हवा.

सांता क्रूझ नदीच्या या खोऱ्यात सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून शेती होत आली आहे. १६९२ मध्ये जेझुइट पंथाचा धर्मोपदेशक युसेबिओ किनो ओओधम या इथल्या मूळ रहिवाशांच्या बाक नावाच्या गावात पोहोचला. आज तिथे उभे असलेले सान झाविएर चर्च पुढे १७८३ ते १७९७ या काळात फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्र्यांनी ओओधम मजुरांच्या हातून बांधून घेतले. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एकावर घुमट चढलाच नाही. विसाव्या शतकात त्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा दिला गेला. भिंतीत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच उरली नाही, ओल आत कोंडली आणि भित्तिचित्रांचे पापुद्रे सुटू लागले. शेवटी सिमेंट खरवडून पुन्हा चुन्याचा गिलावा करावा लागला, आणि त्या चुन्यात निवडुंगाच्या पानांचा चिकट रस मिसळला गेला. चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांना ही युक्ती लगेच पटली असती. हे केवळ पर्यटनस्थळ नाही. तोहोनो ओओधम लोकांच्या राखीव भूमीवरील या चर्चमध्ये आजही नियमित प्रार्थना होते.

शहराची स्थापना १७७५ ची मानली जाते. स्पेनच्या चाकरीतील ह्यूगो ओकॉनर या आयरिश अधिकाऱ्याने त्या वर्षी इथे लष्करी ठाण्याची जागा मुक्रर केली. १८२१ मध्ये हा मुलूख स्वतंत्र मेक्सिकोकडे गेला आणि १८५४ मध्ये गॅड्सडेन खरेदी या जमीनखरेदीच्या कराराने अमेरिकेकडे आला. रेल्वे १८८० मध्ये पोहोचली आणि तिच्याबरोबर पूर्वेकडचे क्षयरोगी येऊ लागले.

क्षयावर औषध नव्हते तेव्हा डॉक्टर कोरडी हवा आणि ऊन सुचवत. ऐपतदारांना सॅनेटोरियम होते. ज्यांचे पैसे प्रवासातच संपले, ते शहरातील अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या उत्तरेला तंबू ठोकून राहिले. त्यातले कित्येक तिथेच वारले. शहराच्या पर्यटनाचा इतिहास सांगताना ही वस्ती सहसा गाळली जाते. ते योग्य नाही, कारण हवेसाठी टूसॉनला जावे ही कल्पना देशभर पोहोचवण्यात या रुग्णांचा मोठा वाटा होता.

मोटारी आल्यावर निरोगी माणसेही येऊ लागली. शहराच्या उत्तर वेशीवर मिरॅकल माइल हा मोटर कोर्टांचा, म्हणजे खोलीच्या दाराशी गाडी लावता येईल अशा विश्रामगृहांचा रस्ता तयार झाला. तिथेच १९४१ मध्ये आर्थर पॅक यांनी घोस्ट रँच लॉज उघडले. प्रवाशांना वाळवंट समजावून सांगण्याची या माणसाला मनापासून ओढ होती. १९५२ मध्ये त्यांनी विल्यम कार यांच्यासोबत अ‍ॅरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम सुरू केले. संग्रहालय, प्राणिसंग्रहालय आणि वनस्पतिउद्यान या तिन्हींचे काम ते एकत्र करते, आणि शहरात एकच ठिकाण पाहायचे झाले तर तेच पाहावे. तिकडे जाणारी गेट्स पासची वाट चढाची आणि वळणांची आहे. लांबलचक मोटरहोमना किनी रोडचा वळसा घ्यावा लागतो.

जवळच सग्वारो राष्ट्रीय उद्यान आहे. १९३३ मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा आणि १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सग्वारो हा उंच, खांबासारखा निवडुंग. पहिल्या आठ वर्षांत तो जेमतेम दीड इंच वाढतो आणि फांदी फुटायला पन्नास-साठ वर्षे तरी लागतात. जूनमध्ये त्याची लाल फळे पिकतात. ओओधम कुटुंबे वाळलेल्या सग्वारोच्याच बरगड्यांच्या लांब काठ्यांनी ती उतरवतात. त्यांचे नवे वर्ष याच सुमारास सुरू होते. मोटरहोमवाले तोवर उत्तरेला परतलेले असतात, त्यामुळे इथला हा सर्वांत महत्त्वाचा हंगाम त्यांच्या नजरेला पडत नाही.

ही कोरडी हवा विमानांच्याही उपयोगी पडली. दुसऱ्या महायुद्धानंतर बी-२९ बॉम्बफेकी विमाने ठेवायला लष्कराला जागा हवी होती. इथल्या डेव्हिस-मॉन्थन हवाई तळाची निवड झाली ती दोन कारणांनी: हवेत दमटपणा नसल्याने धातूला गंज लवकर चढत नाही, आणि चुनखडीयुक्त जमीन इतकी टणक की फरसबंदी न करता विमाने उभी करता येतात. आज तिथे हजारो निवृत्त विमाने रांगेने उभी आहेत. सामान्य माणसाला विमाने जवळून पाहायची असतील तर शेजारचे पिमा एअर अँड स्पेस म्युझियम आहे. ते १९७६ मध्ये सुरू झाले.

हिवाळी पाहुण्यांच्या हंगामातच, फेब्रुवारीत, शहरात भरणारा रत्न-खनिज मेळा १९५५ मध्ये एका प्राथमिक शाळेत सुरू झाला. आता त्याचे मुख्य दालन शहराच्या संमेलन केंद्रात भरते. हे केंद्र उभारण्यासाठी १९६०च्या दशकाच्या अखेरीस कच्च्या विटांच्या घरांची सुमारे ८० एकरांची जुनी मेक्सिकन वस्ती पाडली गेली. त्या घरांच्या जाड भिंती विजेशिवाय उन्हाळा सुसह्य करत. ती वस्ती मोडणे ही शहराने स्वतःची करून घेतलेली मोठी हानी होती. वाचलेला भाग बार्रिओ व्हिएहो या नावाने दक्षिणेला आहे आणि तो पायीच पाहावा. मेळ्याच्या काळात हॉटेलांच्या खोल्यांतून आणि रस्त्याकडेच्या तंबूंतूनही दुकाने लागतात. तिथे भारतीय व्यापाऱ्यांच्या टेबलांवर दख्खनच्या काळ्या पाषाणातून निघालेले जळगावचे अ‍ॅपोफिलाइट आणि पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले निळे कॅव्हनसाइट विक्रीला असते.