ड्रॅगुनोव्ह खरंच स्नायपर रायफल आहे का? स्नायपर आणि ‘मार्क्समन’ रायफलमध्ये नेमका फरक काय?

२०१८च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काश्मीर खोऱ्यात सुरक्षा दलांवर लागोपाठ ‘स्नायपर हल्ले’ झाल्याच्या बातम्या आल्या. हल्लेखोरांकडे अमेरिकन बनावटीच्या एम४ कार्बाइन असाव्यात, असं तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं. पण एम४ ही स्नायपर रायफल नाही. ती साध्या पायदळ सैनिकाची आखूड नळीची बंदूक आहे. लपून, दुरून, नेम धरून गोळी मारली की आपण त्याला स्नायपर हल्ला म्हणतो. सैन्याच्या भाषेत मात्र स्नायपर हे एक वेगळं काम आहे आणि त्याची हत्यारंही वेगळी आहेत.

(जाता जाता: हा शब्द भारतातच रुळला असं मानतात. ‘स्नाइप’ म्हणजे आपला पाणलावा पक्षी. तो वेडावाकडा उडतो, त्यामुळे त्याची शिकार अवघड. १८व्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पत्रांत या शिकारीसाठी हा शब्द येऊ लागला.)

दोन नेमबाज, दोन कामं

स्नायपर सहसा जोडीने काम करतो. एक गोळी झाडणारा, दुसरा ‘स्पॉटर’, म्हणजे अंतर, वारा आणि लक्ष्य टिपणारा. ही जोडी तुकडीपासून वेगळी, तासन् तास एका जागी दबा धरून बसते. संधी बहुतेक वेळा एकाच गोळीची असते. म्हणून त्यांची रायफल अनेकदा ‘बोल्ट ॲक्शन’ असते. दर गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढून रिकामं काडतूस बाहेर काढायचं आणि पुढचं आत ढकलायचं. वेग कमी, पण नेम अधिक पक्का.

‘डेझिग्नेटेड मार्क्समन’ मात्र तुकडीतलाच एक जवान असतो. इतरांसोबत तो धावतो, आडोसा घेतो, चकमकीत उतरतो. इतरांच्या रायफली साधारण ३००-४०० मीटरपर्यंत कामाच्या, त्यापुढची जबाबदारी याची. समोर एकापेक्षा जास्त लक्ष्यं असू शकतात, त्यामुळे त्याला सेमी-ऑटोमॅटिक रायफल लागते. चाप ओढला की गोळी सुटते आणि पुढचं काडतूस आपोआप नळीत येतं.

मग ड्रॅगुनोव्ह कुठे बसते?

येव्हगेनी ड्रॅगुनोव्ह हे खेळातल्या नेमबाजीच्या रायफली बनवणारे रचनाकार. त्यांची ही रायफल सोव्हिएत सैन्याने १९६३ मध्ये स्वीकारली. रशियन नावातच ‘स्नायपर रायफल’ हे शब्द आहेत. पण रचना पाहिली तर वेगळंच दिसतं. ती सेमी-ऑटोमॅटिक आहे, मॅगझिनमध्ये १० गोळ्या, दुर्बिणीसह वजन साधारण ४.३ किलो. मूळ दुर्बीण फक्त चौपट मोठं दाखवणारी. तिच्यात खास नेमबाजीचं काडतूस वापरता येतं, तसंच पलटणीच्या मशीनगनचं ७.६२ मिमीचं साधं काडतूसही चालतं. वर या रायफलीला संगीनही लावता येते! एका जागी लपून बसणाऱ्या स्नायपरला संगीन कशाला?

सोव्हिएत रचनेत ती मोटराइज्ड पायदळाच्या प्लाटूनमधल्या एका नेमबाजाला दिली जायची. एके-४७ वाल्यांसोबत पुढे सरकत ६००-८०० मीटरवरचा मशीनगनवाला किंवा अधिकारी टिपायचा, हे त्याचं काम. म्हणजे आजच्या भाषेत ही मार्क्समन रायफलच. आणि त्या कामासाठी ती उत्तम आहे, यात वाद नाही.

अडचण कुठे आली?

भारतीय लष्कराने अनेक वर्षं हीच रायफल मुख्य स्नायपर रायफल म्हणून वापरली. नियंत्रण रेषेवर या गफलतीची किंमत मोठी असते. तिथे दोन्हीकडच्या चौक्या डोंगरधारांवर, मध्ये दरी. लक्ष्य अनेकदा ८०० मीटरच्या पलीकडे. ज्याची गोळी लांब पोहोचते, तो समोरच्याच्या टप्प्याबाहेर राहून त्याला टिपू शकतो.

अचूकतेचं गणित साधं आहे. ती ‘मिनिट’ या कोनाच्या एककात मोजतात. एक मिनिट म्हणजे १०० मीटरवर सुमारे ३ सेंटिमीटर. दोन मिनिटांच्या रायफलीच्या गोळ्या ८०० मीटरवर साधारण ४६ सेंटिमीटरच्या वर्तुळात पसरतात, म्हणजे जवळपास माणसाच्या खांद्यांच्या रुंदीएवढ्या. एका मिनिटाची रायफल १२०० मीटरवरही साधारण ३५ सेंटिमीटरमध्ये राहते. शिवाय गोळीला ८०० मीटर जायला एका सेकंदाहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात दरीतला वारा तिला बाजूला ढकलतो. हलकी गोळी जास्त ढकलली जाते, जड गोळी कमी.

म्हणूनच २०१९ मध्ये उत्तर कमांडने दोन नव्या रायफली घेतल्या. इटलीची स्कॉर्पिओ टीजीटी .३३८ लापुआ मॅग्नम हे जड काडतूस वापरते आणि तिचा टप्पा साधारण १५०० मीटर सांगितला जातो. अमेरिकेची बॅरेट एम९५ तर १२.७ मिमीची, वजन १० किलोहून जास्त. ती माणसांपेक्षा वाहनं, रडार अशा साहित्यावर मारा करण्यासाठी बनलेली आहे. २०२२ मध्ये नियंत्रण रेषेवर फिनलंडची साको टीआरजी-४२ आली, तीही .३३८ची. बंगळुरूच्या एसएसएस डिफेन्स या खासगी कंपनीनेही याच काडतुसासाठी ‘सेबर’ ही रायफल बनवली आहे.

सीमारेषा धूसरही आहे

अमेरिकी लष्कराने २००८च्या सुमारास सेमी-ऑटोमॅटिक एम११० ही स्नायपर रायफल म्हणूनच घेतली. पुढे एम११०ए१ नावाची हलकी रायफल मात्र मार्क्समनसाठी तुकड्यांना दिली. अफगाणिस्तानात उघड्या डोंगराळ भागात ५.५६ मिमीच्या रायफली तोकड्या पडू लागल्या, तेव्हा ब्रिटनने २०१०च्या सुमारास ७.६२ मिमीची एल१२९ए१ तुकड्यांमध्ये आणली. त्यांच्या स्नायपरकडे .३३८ची एल११५ए३ आधीपासून होतीच. नव्या रायफलीने तिची जागा घेतली नाही, दोन्ही शेजारी-शेजारी राहिल्या.

ड्रॅगुनोव्हसाठीही हाच मार्ग योग्य वाटतो. लांबचं काम .३३८कडे गेलं, तरी तुकडीसोबत चालणारा नेमबाज लागणारच आहे.