देवयानीतला ठिपका

‘हे सगळं आपल्या पूर्वजांनी आधीच शोधलं होतं,’ असं आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. मला ते पटत नाही. ९६४ च्या सुमारास अब्दुर्रहमान अल-सूफींनी देवयानी दीर्घिकेची नोंद इवलासा ढग म्हणून केली. त्यातले क्ष-किरण स्रोत त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. १९९९ मध्ये चंद्रा दुर्बिणीने तिथे शंभरावर ठिपके टिपले, बहुतेक जोडताऱ्यांचे. मधला एक, तुलनेने थंड ठिपका म्हणजेच केंद्रातलं कृष्णविवर, असं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. पुढे बारकाईने मोजल्यावर तो केंद्राच्या जरा बाजूला निघाला आणि त्यांनी दुरुस्ती केली. सूफींनीही टॉलेमीची तारायादी स्वतःच्या डोळ्यांनी तपासून सुधारली होती. अभिमान बाळगायचाच, तर तपासून पाहण्याच्या या सवयीचा बाळगू या.