म्हातारचळ मोजणारे बारा प्रश्न

डोळखांबकडच्या एखाद्या पाड्यावर म्हातारा मध्यरात्री उठून राब भाजायला निघाला, की घरचे म्हणतात, ‘चळ लागलाय.’ टोकावड्याकडं एखादी आजी जेवून हात धुते आणि शेजारी जाऊन सांगते, ‘सून उपाशी ठेवते.’ शेजारीण मग सुनेकडं बघते. ‘म्हातारचळ’ या आपल्या शब्दात निरीक्षण पक्कं आहे: म्हातारपणी विसर पडतोच, पण काहींचं वागणंही पालटतं. फक्त या शब्दानं खोड माणसाची मानली, आजार ओळखला नाही.

या आजाराच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या, सर्वांत प्रसिद्ध रुग्णाची कथाही वागण्यापासूनच सुरू होते. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात अलॉइस अल्झायमर यांनी ५१ वर्षांच्या ऑगुस्टेला तपासलं. तिच्या आजाराचं पहिलं लक्षण होतं नवऱ्यावरचा संशय. नंतर ती वस्तू लपवू लागली, कुणीतरी मारायला टपलंय म्हणून ओरडू लागली. तरीही पुढची कित्येक दशकं मोजमाप झालं ते मुख्यतः स्मरणशक्तीचं. १९७५ मध्ये आलेली, जगभर रुळलेली छोटी चाचणी तारीख विचारते, वजाबाक्या करायला लावते, एक वाक्य लिहायला सांगते. शाळेची पायरी न चढलेल्या आजीला वाक्य लिहायला सांगून काय कळणार?

वागण्याच्या मोजपट्ट्या ऐंशीच्या दशकात आकाराला आल्या. बॅरी रीसबर्ग यांची एक, जिस्का कोहेन-मॅन्सफिल्ड यांची दुसरी. दुसरीत येरझाऱ्या, ओरडणं, मारणं अशा २९ कृती होत्या आणि त्यांची नोंद वृद्धाश्रमातले कर्मचारी ठेवत. डोळखांब-टोकावड्याकडं, शहापूर-मुरबाडमध्ये, असे कर्मचारी कुठले? तिथं असते ती सून, लेक, नाहीतर म्हातारी बायको.

म्हणून मला महत्त्वाची वाटते ती १९९४ मध्ये जेफ्री कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी मांडलेली प्रश्नावली. ती सांभाळणाऱ्यालाच विचारतात. खोटे समज, भास, आक्रमकता, उदासी, धास्ती, अवाजवी आनंद, निरिच्छा, सुटलेला संकोच, चिडचिड, त्याच त्या हालचाली असे मूळ दहा विषय; रात्रीचं वागणं आणि खाणं हे दोन पुढं जोडले गेले. आधी एक चाळणीचा प्रश्न. उत्तर ‘नाही’ आलं की पुढचा विषय. ‘हो’ आलं तर ते किती वेळा घडतं याला १ ते ४, किती तीव्र आहे याला १ ते ३ आणि दोन्हींचा गुणाकार. बारा विषय, जास्तीत जास्त १४४. जन्माचा तापट माणूस तापटच असेल तर त्याचे गुण धरत नाहीत. आजारानंतर काय बदललं, तेवढंच मोजायचं.

१९९८ मध्ये तिला आणखी एक प्रश्न रीतसर जोडला गेला: याचा तुम्हाला स्वतःला किती त्रास होतो? ० ते ५.

त्या प्रश्नाचं मोल गोव्यात दिसलं. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तिसवाडी आणि बार्देश तालुक्यांत ८१ कुटुंबांसोबत केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेले स्थानिक सल्लागार सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा घरी जात, आजार समजावून सांगत, वागणं कसं हाताळायचं ते शिकवत. रुग्णांच्या लक्षणांच्या तीव्रतेत ठळक फरक सिद्ध झाला नाही. मात्र त्या वागण्याचा सांभाळणाऱ्यांना होणारा त्रास कमी झाला, त्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं. नुसती लक्षणंच मोजली असती, तर हे हाती लागलंच नसतं.

भारतात साठीपुढच्या शंभरातल्या सुमारे सात जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. आपल्याकडं हे प्रश्न विचारायचे, तर ‘भास होतात का?’ म्हणून भागणार नाही. मेलेला भाऊ ओटीवर बसलेला दिसतो, हे घराला भास वाटेलच असं नाही. कुणी त्याला भुताटकी म्हणेल, कुणी देवाचं. ‘नसलेल्या माणसाशी बोलतात का?’ असं विचारावं लागेल. आणि सासऱ्यांदेखत सून तोंड उघडणार नाही. तिच्याबरोबर गोठ्यापर्यंत चालत जावं लागेल, आणि तो शेवटचा, ० ते ५ चा प्रश्न तिथं विचारावा लागेल.