पेठची बुडालेली गादी

नाशिकहून धरमपूरकडे जाणारा रस्ता सावळ घाट ओलांडून ज्या डोंगराळ मुलखात शिरतो, तो आजचा पेठ तालुका १८७८ पर्यंत एक छोटे संस्थान होता, आणि त्याचा धनी स्वतःस राजा म्हणवीत असे. सागाचे रान आणि उतारावरची नागली-वरई एवढ्यावर उभे असलेले हे राज्य श्रीमंत नव्हते, परंतु त्याचे घराणे पवार कुळीचे रजपूत मानले जाई, आणि त्यातील काही शाखांनी औरंगजेबाच्या काळात मुसलमानी धर्म स्वीकारल्यावरही गादीचा मान टिकून राहिला. पेशवाईत हा मुलूख दीर्घकाळ जप्तीत होता, म्हणजे त्याचा वसूल घराण्याकडे न जाता सरकारात जमा होत असे; १८१८ मध्ये इंग्रजांना केलेल्या मदतीमुळे तो घराण्याला परत मिळाला.

शेवटचा राजा १८३७ मध्ये वारला, तेव्हा त्याची मुलगी नूरजहान बेगम हयात होती. तिला वर्षाला ६,००० रुपयांची तहहयात नेमणूक, म्हणजे ती जिवंत असेपर्यंतच चालणारे वेतन, मिळाली आणि कारभार सरकारी अंमलदाराकडे गेला. गादीवर हक्क सांगणारे भगवंतराव यांना १८५७ च्या उठावात हरसूलचा बाजार लुटला गेल्यानंतर फाशी देण्यात आली.

मुलगी हयात असतानाही गादी जाणे हे केवळ पेठलाच घडले नाही; स्कॉटलंडमध्येही सरदारक्या पुष्कळदा अशाच बुडाल्या, कारण पदवीच्या सनदेत केवळ पुरुष वारस नमूद असत. तथापि तेथील जुन्या पदव्यांना मुलीचाही वारसा चाले. सदरलँडचा अर्ल १७६६ मध्ये वारला, तेव्हा त्याची मुलगी एलिझाबेथ जेमतेम वर्षाची होती, तरी वाद लंडनच्या उमरावांच्या सभेपर्यंत जाऊन १७७१ मध्ये पदवी तिच्याच नावे कायम झाली. पेठच्या मुलीच्या वाट्याला मात्र गादीऐवजी वेतन आले, म्हणून ही गादी वारसाअभावी बुडाली असे म्हणणे अर्धसत्य ठरते. वारस कोणाला मानायचे, हा निर्णय ज्यांना मुलूख मिळणार होता त्यांच्याच हाती होता. संस्थाने खालसा करण्याचे, म्हणजे वारसाअभावी ती सरकारजमा करण्याचे, धोरण १८५७ नंतर सोडल्याचा गाजावाजा झाला होता, हेही येथे विसरता येत नाही.

बेगम १८७८ मध्ये वारली, नेमणूक बंद झाली आणि पेठ नाशिक जिल्ह्याचा तालुका झाला.